ग्रिफिथ ब्रूअर : बलूनवाला, पेटंट एजंट आणि राइट बंधूंचा इंग्लंडमधला माणूस

सनदी कारकून

ग्रिफिथ ब्रूअर (१८६७-१९४८) हे नाव विमानांच्या इतिहासात बहुतेक वेळा एका ओळीपुरतं येतं : ८ ऑक्टोबर १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल माँजवळच्या ओव्हूरच्या मैदानावर विल्बर राइटच्या शेजारी बसून उडालेला पहिला इंग्रज. त्याच दिवशी चार्ल्स रोल्स, फ्रँक हेजेस बटलर आणि बेडन-पॉवेल (स्काउटवाल्यांचा धाकटा भाऊ) यांनाही विल्बरनं फिरवून आणलं, त्यामुळे हा पहिलेपणाचा मान फार वेळ एकट्याचा राहिला नाही. त्याआधीच विमान उडवणाऱ्या आँरी फार्मनचे आईवडील इंग्रज होते म्हणून काही जण तोही मान्य करत नाहीत. तो वाद बाजूला ठेवू.

ब्रूअरचा धंदा पेटंट एजंटचा. लंडनच्या चॅन्सरी लेनमध्ये 'ब्रूअर अँड सन' ही पेढी, आणि पेटंट ऑफिस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, साउदॅम्प्टन बिल्डिंग्जमध्ये. १८९१ पासून बलूनचा नाद. १९०७ साली सेंट लुइसला झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत तो 'लोटस २' हे बलून घेऊन उतरला होता.

मात्र त्याचं सगळ्यात टिकाऊ काम १८९३ सालचं आहे. पॅट्रिक अलेक्झांडर या धनिक हौशी गृहस्थाबरोबर त्यानं १८१५ ते १८९१ या काळात ब्रिटिश पेटंट ऑफिसात आलेल्या हवाई यंत्रांच्या स्पेसिफिकेशन्सचा (अर्जासोबतच्या लेखी वर्णनांचा) सारसंग्रह छापला. म्हणजे पाऊणशे वर्षांत कुणी पंख फडफडवायचं यंत्र मांडलं, कुणी बलूनला वल्ही लावली, कुणी वाफेवर चालणारा पंखा सुचवला, ते सगळं काढून, वाचून, प्रत्येकाचं मर्म थोडक्यात. उडण्याचं वेड असलेले तेव्हा पुष्कळ होते. त्या वेडाचं दप्तर नीट लावणारा माणूस विरळा.

मला मांडायचंय ते असं : पुढच्या पन्नास वर्षांत ब्रूअरनं जे जे केलं, राइट पेटंटची इंग्लंडमधली कंपनी, सरकारशी सौदा, लँग्लीच्या यंत्रावरून झालेलं भांडण, त्या सगळ्यात हेच एक कसब दिसतं. दोन यंत्रं समोर ठेवायची आणि यात नेमकं काय वेगळं आहे ते कलमवार सांगायचं.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. राइट बंधूंचा ब्रिटिश अर्ज, ६७३२/१९०४, ब्रूअरनं केलेला नाही. त्याची आणि विल्बरची भेट १९०८ ची. अर्ज १९ मार्च १९०४ चा. अमेरिकेतला मूळ अर्ज २३ मार्च १९०३ रोजी भावांनी स्वतःच केला होता. तो तपासनिसानं परतवला, आणि १९०४ च्या जानेवारीत त्यांनी ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचा वकील हॅरी टूलमिन गाठला. पुढे ८२१३९३ हा क्रमांक मिळायला २२ मे १९०६ उजाडला.

तारखा जुळवून पाहा. पॅरिस करारानुसार मूळ अर्जापासून बारा महिन्यांत दुसऱ्या देशात अर्ज केला तर मूळ तारीख मिळते. ब्रिटिश अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी पडला, फ्रेंच अर्ज २२ मार्चला, म्हणजे एक दिवस आधी. मध्यंतरी २ एप्रिल १९०३ ला राइटांचा स्नेही ऑक्टाव्ह शनूट यानं पॅरिसमध्ये भाषण देऊन राइटांच्या ग्लायडरची बरीच माहिती उघड केली होती. मुदत चुकली असती तर ते भाषण त्यांच्याच अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं असतं.

---

आडवा वारा

छान धागा. पण त्या पेटंटमध्ये नेमकं काय होतं हे लिहिल्याशिवाय पुढचं कुणाला कळायचं नाही, म्हणून थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्यात इंजिन नाही. आकृत्या १९०२ च्या ग्लायडरच्या आहेत. टूलमिननं शहाणपणा केला तो हाच, 'उडणारं यंत्र' असा सरसकट दावा न करता तोल सांभाळण्याची रीत बांधून घेतली.

रचना अशी : दोन पंख एकावर एक, मध्ये उभे दांडे. पुढच्या कडेच्या चौकटीत तिरप्या तारा घट्ट ताणलेल्या, म्हणून ती कड हलत नाही. मागच्या कडेला टोकाकडच्या भागात तशा तारा नाहीत, आणि दांड्यांचे सांधे लवचिक आहेत. चालक खालच्या पंखावर पालथा झोपतो, कमरेखाली सरकता पाळणा. कंबर डावीकडे सरकवली की दोरी खेचली जाऊन एका बाजूची मागची कड खाली जाते आणि दुसऱ्या बाजूची वर. म्हणजे अख्खा पंख पिळला जातो. ज्या बाजूची कड खाली, तिथला हल्ल्याचा कोन (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) वाढतो आणि उचल वाढते.

आता गडबड कुठे होते ते. उचल वाढली की अवरोधही वाढतो. जो पंख वर न्यायचाय तोच मागे खेचला जातो, यंत्राचं नाक त्याच्याकडे वळतं, दुसरा पंख वेग घेतो आणि तोल सावरायच्या ऐवजी उलटा बिघडतो. १९०१ च्या ग्लायडरवर याची चाहूल लागली. १९०२ ला त्यांनी मागे दोन उभ्या पट्ट्या कायमच्या बसवल्या, तर घसरताना त्याच पट्ट्या वाऱ्यात सापडून यंत्राला गिरकी देऊ लागल्या आणि खालचा पंख वाळूत घुसू लागला. शेवटी एकच उभी पट्टी ठेवली, ती फिरती केली आणि तिची दोरी पाळण्याच्या दोरीला जोडली. पंख पिळला की हा रडर (उभं सुकाणू) आपोआप वळतो.

पंखपीळ आणि रडर यांची ही जोडणी म्हणजेच शोध. नुसता पिळलेला पंख अर्धवट आहे.

---

कोकणकडा

मग बोल्टनचं काय? मॅथ्यू बोल्टन, वॅटच्या भागीदाराचा नातू. १८६८ साली ३९२ क्रमांकाच्या ब्रिटिश पेटंटमध्ये त्यानं बाजूला हलत्या पट्ट्या बसवून आडवा तोल राखायचं लिहून ठेवलंय. म्हणजे एलेरॉनच! ३६ वर्षं आधी. हे असताना ६७३२ मंजूर झालंच कसं?

---

सनदी कारकून

@कोकणकडा, प्रश्न बरोबर जागी आहे. उत्तर सोपं आहे : १९०४ साली ब्रिटिश पेटंट ऑफिस नवेपणा तपासतच नव्हतं.

१८८३ च्या कायद्याखाली तपासनीस एवढंच पाहायचा की वर्णन पुरेसं आहे का, शीर्षक जुळतंय का, प्रोव्हिजनल (आधीचं कच्चं) आणि कम्प्लीट (नंतरचं पूर्ण) स्पेसिफिकेशन एकाच शोधाचं आहे का. आधी कुणी केलंय का, ही ज्याची त्याची जबाबदारी. भांडण झालं तर कोर्ट बघेल. १९०२ च्या कायद्यानं मागच्या ५० वर्षांची ब्रिटिश स्पेसिफिकेशन्स धुंडाळणं बंधनकारक केलं, आणि तो भाग लागू झाला १ जानेवारी १९०५ पासून. राइटांचा अर्ज त्याच्या नऊ-दहा महिने आधीचा. तोच अर्ज १९०५ मध्ये पडला असता तर १८६८ हे साल पन्नास वर्षांच्या आत असल्यानं बोल्टन तपासनिसाच्या टेबलावर यायला हवा होता.

तोवर ही तपासणी करायची कुणी? चांगल्या एजंटनं. ब्रूअर-अलेक्झांडर सारसंग्रहाला किंमत होती ती यामुळे. त्याच्याआधी १८६८ चं स्पेसिफिकेशन काढायचं म्हणजे वर्षवार सूच्या चाळायच्या. वर जुन्या शीर्षकांचा काही भरवसा नाही, बोल्टनचा अर्ज इतर कल्पनांबरोबर एकत्र बांधलेला आहे.

बोल्टननं राइटांचं पेटंट पडलं असतं का? माझ्या मते अख्खं नाही. बोल्टनकडे हलत्या पट्ट्या आहेत, पण पट्टीनं नाक भलतीकडे वळतं आणि ते रडरनं आवरायचं, ही समज नाही. ती असणार कुठून, त्यानं उडून पाहिलेलंच नाही. 'पंखाच्या टोकांचे कोन वेगवेगळे करणं' इतका रुंद क्लेम (हक्काची हद्द सांगणारं कलम) अडचणीत आला असता, जोडणीचा क्लेम वाचला असता. जर्मनीत साधारण तसंच घडलं. १९१२ साली तिथल्या पेटंट ऑफिसनं पूर्वप्रसिद्धीच्या मुद्द्यावर मोठा भाग उडवला, आणि अपिलात पंखपीळ व रडर यांची जोडणी तेवढी शिल्लक राहिली.

---

आडवा वारा

अमेरिकेत नेमकं उलट. बफेलोच्या न्यायमूर्ती हेझेलनी क्लेमचा अर्थ ताणून मोठा केला. राइटांनी ज्याच्यावर दावा लावला त्या विमान बांधणाऱ्या ग्लेन कर्टिसचं म्हणणं होतं, आमच्याकडे पंख पिळत नाही, स्वतंत्र एलेरॉन आहेत, आणि रडर त्यांना जोडलेला नाही. कोर्टाचं म्हणणं : दोन्ही टोकांचे कोन विरुद्ध दिशेनं बदलताय ना? मग पट्टी वेगळी असली तरी तत्त्व तेच, आणि चालक रडर हातानं वापरत असला तरी जोडणी झालीच. ३, ७, १४ आणि १५ या क्लेमांवर भांडण होतं. जानेवारी १९१० ला तात्पुरती मनाई, जूनमध्ये ती उठली, फेब्रुवारी १९१३ ला हेझेलचा अंतिम निकाल राइटांच्या बाजूनं आणि १३ जानेवारी १९१४ ला वरच्या कोर्टाकडून शिक्कामोर्तब. त्यावर कर्टिसची पळवाट अशी की एका वेळी एकच एलेरॉन हलवायचा, दुसरा स्थिर. मग 'दोन्ही टोकं विरुद्ध दिशेनं' हे लागू होत नाही! ऑरव्हिल यंत्रामागे २० टक्के मागत होता, त्यामुळे अशा करामतींना ऊत आला.

अखेर १९१७ साली युद्धासाठी सगळ्यांची पेटंटं एका गाठोड्यात बांधली : विमानामागे २०० डॉलर, त्यातले १३५ राइट-मार्टिन या राइट पेटंटवाल्या कंपनीला, ४० कर्टिसला, २५ हे गाठोडं सांभाळणाऱ्या संघटनेला, आणि दोघांनाही कमाल वीस-वीस लाखांची मर्यादा.

---

मोजपट्टी

इंग्लंडमधला हिशेब कुणी लिहिला नाही, म्हणून देतो.

ब्रिटिश पेटंटची मुदत तेव्हा १४ वर्षं. करारानुसार तारीख २३ मार्च १९०३ धरली जाते, म्हणजे पेटंट संपतं मार्च १९१७ ला. सुरुवातीला प्रोव्हिजनलचा १ पौंड, कम्प्लीटचे ३ पौंड. पहिली चार वर्षं त्यात निघतात. चौथं वर्ष संपायच्या आत ५ पौंड, मग दरवर्षी एकेक पौंड वाढत तेराव्या वर्षी १४. बेरीज ९५ पौंड. तारीख चुकली तर दंड भरून जास्तीत जास्त तीन महिन्यांची सवलत. त्यानंतर पेटंट मेलं, ते जिवंत करायचं तर लांबलचक कज्जा. ज्या पेटंटवर लाखोंचे दावे चालले ते जिवंत ठेवायला वर्षाला पाच-दहा पौंड पुरत होते. भीती पैशाची कमी, डायरीतली नोंद चुकण्याची जास्त.

दुसरा काटा १९०७ च्या कायद्यातलं २७ वं कलम. ते ऑगस्ट १९०८ पासून लागू झालं. पेटंटला चार वर्षं झाली आणि माल पूर्णपणे किंवा मुख्यतः इंग्लंडबाहेरच बनत असेल, तर कुणीही ते रद्द करायचा अर्ज करू शकत होता. राइटांची चार वर्षं १९०७ लाच भरली होती. आता पाहा, १९०९ च्या सुरुवातीला शॉर्ट बंधूंना सहा राइट यंत्रं इंग्लंडातच, शेपी बेटावर लेसडाउनला बांधायला मिळतात. होरेस शॉर्टनं फ्रान्समध्ये पो इथे जाऊन विल्बरचं यंत्र मोजलं आणि आराखडे स्वतः काढले, कारण राइटांकडे कारखान्याला देण्याजोगे पुरे आराखडेच नव्हते. या कंत्राटामागे गिऱ्हाइकांची मागणी होतीच (पहिलं यंत्र रोल्सला गेलं), पण २७ व्या कलमालाही त्यातून परस्पर उत्तर मिळालं. हा माझा तर्क आहे. मात्र कुठलाही एजंट तेव्हा हा सल्ला देताच.

---

कोकणकडा

आणि ते १५,००० पौंडांचं प्रकरण? कुठे वाचलं की ब्रिटिश सरकारनं राइटांना 'हरवलं', कुठे वाचलं की राइटांनी सरकारला 'नमवलं'.

---

सनदी कारकून

दोन्ही नाही. १९१३ मध्ये ब्रिटिश राइट कंपनी निघाली, ब्रूअर तिचा सूत्रधार. १९१४ साली सरकारनं १५,००० पौंड एकरकमी दिले आणि झालेल्या व पुढच्या सगळ्या वापराचा हिशेब मिटवला.

एकरकमी का, हे कायद्यात आहे. १८८३ पासून पेटंट राजसत्तेवरही बंधनकारक होतं, पण सरकारी खात्यांना ते वापरायची मुभा होती : मोबदला आपसात ठरवा, नाही ठरला तर ट्रेझरी ठरवेल. म्हणजे सरकारविरुद्ध मनाईहुकूम मिळणं नाही, आणि भाव ठरवणार तेही सरकारचंच खातं. वर गिऱ्हाईक जवळजवळ एकच, कारण १९१४ ला इंग्लंडात विमानं घेणारं दुसरं मोठं होतं कोण? मुदतीची तीनेक वर्षं उरलेली, युद्ध सुरू झालेलं, बोल्टनचं १८६८ चं भूत कपाटात. अमेरिकेसारखं यंत्रामागे टक्केवारी मागत बसला असता तर प्रत्येक बनावटीच्या विमानावर 'यात जोडणी आहे का' हा वाद आणि शेवटी ट्रेझरीचं दार. ऑरव्हिलच्या मानानं ब्रूअरनं फार कमी मागितलं म्हणणारे आहेत. मला तो सौदा चोख वाटतो. पंधरा हजार हातात आले, आणि इंग्लंडातले विमान बांधणारे राइटांचे वैरी झाले नाहीत.

---

पागोळ्या

हे ६७३२ मुंबईत लागू होतं का? आणि आपल्या तळपद्यांचं पेटंट कुणी शोधलंय का?

---

सनदी कारकून

पहिल्याचं उत्तर : नाही. ब्रिटिश पेटंटची हद्द युनायटेड किंगडम आणि आइल ऑफ मॅन. हिंदुस्थानात १८८८ चा स्वतंत्र कायदा होता, पुढे १९११ चा. इथे हक्क हवा तर इथे वेगळा अर्ज.

दुसऱ्याचं : तळपद्यांनी विमान उडवल्याच्या १८९५ च्या गोष्टीला जोडून 'वैमानिकशास्त्र' या संस्कृत ग्रंथातल्या ज्या आराखड्यांचा दाखला देतात, त्यांची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली केली आणि ती यानं उडण्याजोगी नसल्याचं दाखवलं. यापुढचं कृपया वेगळ्या धाग्यावर, इथे शंभर प्रतिसाद त्यातच जातील.

---

मोजपट्टी

लँग्लीवर येऊ या. ब्रूअरचं हे काम मला सगळ्यात आवडतं.

पार्श्वभूमी : स्मिथसोनियनचा सचिव लँग्ली याचं मोठं 'एरोड्रोम' ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ ला पोटोमॅक नदीत कोसळलं. १९१४ ला स्मिथसोनियननं २,००० डॉलर देऊन तेच यंत्र हॅमंड्सपोर्टला दुरुस्तीला आणि चाचणीला दिलं. कुणाला? चार महिन्यांपूर्वी पेटंट खटला हरलेल्या ग्लेन कर्टिसला. २८ मे ला त्यानं ते तळ्यावरून दीडेकशे फूट उचललं. संस्थेनं जाहीर केलं की उडू शकणारं पहिलं माणसासह यंत्र लँग्लीचंच. हे सिद्ध झालं तर राइट पेटंट पायाभूत आहे या कोर्टाच्या समजाला तडा, हे उघड गणित.

ब्रूअर त्या उन्हाळ्यात डेटनला राइटांच्या शाळेत वयाच्या ४७ व्या वर्षी विमान शिकत होता. जूनमध्ये तो हॅमंड्सपोर्टला जाऊन यंत्र पाहून आला आणि न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहिलं : चाचणीसाठी तटस्थ माणूस का नाही निवडला? मग २० ऑक्टोबर १९२१ ला रॉयल एरोनॉटिकल सोसायटीसमोर सविस्तर निबंध वाचला, त्यात १९०३ चं यंत्र आणि १९१४ चं यंत्र यांतले फरक एकेक करून.

मुख्य फरक :

पंखाचा कॅम्बर (बाक) १९०३ ला रुंदीच्या १/१२ होता, १९१४ ला १/१८ केला. कमी बाक म्हणजे अवरोध कमी.

पंखाची पुढची कड आधी नुसती बारीक तार होती, नंतर गोल लाकडी दांडा बसवला. क्षेत्रफळ १,०४० वरून ९८८ चौरस फूट.

कापड आधी वार्निश न केलेलं सुती, नंतर वार्निश केलेलं. वार्निशनं छिद्रं बुजतात, हवा आरपार गळत नाही.

खालच्या ताणतारांचे खांब अडीच फुटांच्या आसपास मागे नेले. खरी मेख इथे. हवेचा दाब पंखाच्या ज्या रेषेवर एकवटतो, त्याच्या बरेच पुढे मूळचे खांब होते. म्हणून दाब आला की मागचा भाग मोकळा राहून पंख पिळवटायचा. १९०३ ला यंत्र पडलं ते उडवायच्या गाड्यात अडकून, असं लँग्लीची बाजू सांगत आली होती. गाड्यानंच घात केला असता तर १९१४ ला खांब हलवायची गरजच काय होती?

शिवाय तरंगण्याची साधनं, बदललेले पंखे आणि पुढच्या चाचण्यांत चक्क कर्टिसचं ८० अश्वशक्तीचं इंजिन. मूळ इंजिन लँग्लीचा सहायक मॅन्ली याचं, ५२ चं. चालकासह वजन ८५० पौंडांवरून १,१७० वर गेलं.

---

आडवा वारा

वजन वाढून उडालं, म्हणजे यंत्र मुळात दमदार होतं, असा युक्तिवाद करणारे अजून भेटतात.

---

मोजपट्टी

करू देत. वजनाचा प्रश्नच नव्हता, पंखाची चौकट भार घेते का हा होता. १९१४ ला ताणतारा बदलल्यावर ती घेऊ लागली. तेवढंच त्या चाचणीनं दाखवलं.

आणि स्मिथसोनियननं २४ ऑक्टोबर १९४२ ला जो खुलासा छापला, त्यात १९०३ आणि १९१४ असे दोन रकाने समोरासमोर आहेत. एकवीस वर्षांपूर्वी ब्रूअरनं घेतलेलीच पद्धत. मधल्या काळात रुसलेल्या ऑरव्हिलनं मूळ फ्लायर (भावांचं १९०३ चं विमान) १९२८ ला लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पाठवून दिला होता. ब्रूअर १९४० ते ४२ सोसायटीचा अध्यक्ष होता, म्हणजे हा खुलासा त्याच्या डोळ्यांदेखत आला. फ्लायर १७ डिसेंबर १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये टांगला गेला, ते पाहायला ऑरव्हिल नव्हता आणि ब्रूअरही. दोघंही त्याच वर्षी वारले.

---

पागोळ्या

मूळ स्पेसिफिकेशन वाचायचंय. ६७३२ टाकलं तर भलतंच काहीतरी येतंय, शेगडी वगैरे.

---

सनदी कारकून

येणारच. ब्रिटिश क्रमांक १९१५ पर्यंत दर वर्षी १ पासून नव्यानं सुरू व्हायचे. सलग मोजणी १९१६ ला १,००,००१ पासून सुरू झाली. त्यामुळे साल नसलेला जुना ब्रिटिश क्रमांक कुचकामी, दरसाल एक ६७३२ आहे. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावर जीबी, मग सलग १९०४०६७३२, शेवटी ए असं टाका. क्रमांक चार आकडी असल्यानं सालानंतर एक शून्य भरावं लागतं, तेच बहुधा राहिलं असेल. अमेरिकन क्रमांक सलग आहे, ८२१३९३ साला-बिलाशिवाय मिळेल. दोन्ही शेजारी उघडा आणि आधी क्लेम वाचा, मग आकृत्या.